पाटीवरची लेखणी आणि काचेवरचे बोट

वस्तू जुनी होते म्हणजे तिचे नेमके काय होते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तांब्याची घागर पोचे पडून जुनी होते. रेशमी लुगडे घडीवर विरून जुने होते. शब्द जुना होतो, तो त्याला उच्चारणारे ओठ उरत नाहीत म्हणून. यंत्राची गत या तिन्हींहून थोडी निराळी आहे. यंत्र कित्येकदा धडधाकट असते; पण ते हाताळण्याची जी रीत असते तीच आपल्या हातांतून निघून जाते, आणि मग यंत्र समोर असूनही मुके होऊन बसते.

या लेखात ज्या यंत्राचा विचार आम्ही मांडणार आहोत ते खेळण्याच्या सदरात मोडणारे आहे. हातात धरून खेळावयाचे व्हिडिओ गेम, आणि त्यांतही ज्यांचा पडदा लेखणीने वा बोटाने दाबून खेळावयाचा असे, हा आमचा विषय. कुटुंबाच्या मासिकात हा पोरखेळ कशाला, अशी शंका काही ज्येष्ठ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मुलांनी वीस वर्षांपूर्वी ही यंत्रे उशाशी घेऊन झोप काढली, ती मुले आज तिशी-पस्तिशीत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी पाळणे हलले आहेत. आपल्या बालपणीचा खेळ ते आता कपाटातून काढून मुलांच्या हाती देऊ पाहतात, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात येते की काही खेळ आजही तितकेच गोड लागतात, तर काही हातात धरवत नाहीत. असे का व्हावे? चित्रे जुनी झाली, हे त्याचे पुरेसे उत्तर नव्हे. उत्तर बऱ्याच अंशी त्या स्पर्शाच्या पडद्यात आहे.

पाटीचा धर्म

हातातल्या खेळाला स्पर्शाचा पडदा देण्याचा प्रयत्न १९९७ साली अमेरिकेतील टायगर कंपनीने 'गेम डॉट कॉम' नावाच्या यंत्रात केला होता. पण पडदा ढोबळ आणि खेळ थोडे, म्हणून तो फारसा रुजला नाही. ही कल्पना खऱ्या अर्थाने घरोघर नेली ती जपानच्या निन्टेन्डो कंपनीने. २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आणि डिसेंबरात जपानात तिने 'निन्टेन्डो डीएस' हे यंत्र विक्रीस आणले. डबीसारखे मिटणारे, उघडले की वर एक आणि खाली एक असे दोन छोटे पडदे, त्यांपैकी खालचा स्पर्श ओळखणारा, आणि यंत्राच्या अंगातच खोचून ठेवलेली स्टायलस नावाची प्लॅस्टिकची बारीक लेखणी. पुढील काही वर्षांत या यंत्राच्या सर्व आवृत्त्या मिळून १५ कोटी ४० लाखांच्या घरात विकल्या गेल्या.

त्या खालच्या पडद्याची रचना समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढील सारे रामायण तिच्यातूनच घडते. वर एक लवचीक प्लॅस्टिकचा पापुद्रा, खाली एक टणक थर, आणि दोहोंच्या समोरासमोरच्या अंगांना वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप. मध्ये सूक्ष्म पोकळी. लेखणी टेकवून दाबले की वरचा पापुद्रा किंचित वाकून खालच्या थरास चिकटतो, आणि त्या ठिकाणच्या विजेच्या दाबावरून यंत्राला कळते की बिंदू कोठे आहे. म्हणजे या पडद्याला लागतो तो दाब. तो लेखणीने द्या, नखाने द्या, हातमोजा घालून द्या. त्यास फरक पडत नाही. मात्र एका वेळी त्याला एकच बिंदू नीट कळतो.

याच्या उलट आजच्या फोनची काच. तिला दाब नको. शरीराच्या स्पर्शाने काचेवरील विद्युत्भारात जो बदल होतो तो ती ओळखते. २००७ साली अॅपल कंपनीचा आयफोन आला आणि या दुसऱ्या प्रकारच्या काचेची सवय पुढे साऱ्या जगाला लागली. तिला दोन-तीन बोटे एकदम कळतात. पण साधी प्लॅस्टिकची लेखणी तिच्यावर कितीही घासली तरी ती ढिम्म हलत नाही.

आम्ही शाळामास्तर असल्यामुळे आम्हांस या दोहोंतील भेद एका वाक्यात असा सांगावासा वाटतो : जुना पडदा म्हणजे पाटी, आणि नवी काच म्हणजे धूळ साचलेल्या मेजाचा पृष्ठभाग. पाटीवर टोकदार पेन्सिल टेकवून, किंचित जोर देऊन, अक्षर काढावे लागते. मेजावर बोट फिरवले की रेघ उमटते, पण ती बोटाएवढीच जाड उमटते आणि रेघ काढताना खालचे काही दिसत नाही. जे खेळ पाटीसाठी रचले गेले ते पेन्सिलीचे टोक मनात धरून रचले गेले. त्यांतील चित्रे लहान, खुणा बारीक. त्या डीएसचा प्रत्येक पडदा अवघा तीन इंचांचा, आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके एवढ्या ऐवजाचा. आजच्या माणसाचे बोट घेऊन त्या खेळात शिरणे म्हणजे बोरूच्या जागी मुसळ घेऊन लिहावयास बसणे होय.

बदली कामगार

नवे साधन आले की पहिली काही वर्षे माणूस त्याच्याकडून जुनीच कामे करून घेऊ पाहतो. डीएसच्या बाबतीत याचे ठळक उदाहरण म्हणजे त्याच्याबरोबरच बाजारात आलेला 'सुपर मारिओ ६४ डीएस'. मूळ 'सुपर मारिओ ६४' हा १९९६ चा खेळ. तो ज्या यंत्रासाठी रचला गेला, त्याला अंगठ्याने हवी तिकडे, हवी तेवढी कलवता येणारी एक दांडी होती. दांडी जराशी कलवली की मारिओ हळू चाले, पुरती कलवली की धावे. त्या खेळाचा सारा जीव या अंगठ्याच्या तोलात होता.

डीएसला अशी दांडीच नव्हती. फुलीच्या आकाराचे बटन होते. त्याने आठच दिशा साधत, आणि धावण्यासाठी निराळे बटन दाबावे लागे. म्हणून योजना अशी केली की दांडीचे काम पडद्याने करावे. यंत्राबरोबर मनगटास अडकवावयाचा एक पट्टा मिळे; त्याच्या टोकाशी अंगठ्यात घालावयाचे एक बोंड होते. ते पडद्यावर टेकवून सरकवले की मारिओ त्या दिशेने जाई. कल्पना चतुर खरी. पण दांडी अंगठ्याला परत ढकलते; मध्य कोठे आहे हे तिच्या ताणावरून न पाहता कळते. सपाट पडदा काहीच ढकलत नाही. अंगठा मध्यापासून किती सरकला हे डोळ्यांनी पाहावे लागते, आणि डोळे तर वरच्या पडद्यावरील मारिओकडे लावावयाचे असतात. आज तो खेळ पुन्हा खेळू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती हीच. गंमत अशी की त्याच खेळात करमणुकीसाठी दिलेले जे लहान लहान उपखेळ आहेत, रेघ काढून मारिओला झेलावयाचे वगैरे, ते आजही मुलांना आवडतात. एकाच पुडक्यात एक स्पर्श म्हातारा झाला आणि दुसरा ताजा राहिला.

२००६ सालच्या 'मेट्रॉइड प्राइम हंटर्स' या खेळाची कथा थोडी वेगळी आहे. त्यात नेम धरावयाचा तो लेखणी सरकवून. येथे लेखणीने बदली काम फारच उत्तम केले. दांडीपेक्षाही नेम अचूक बसे. परंतु यंत्राचे ओझे एका हातावर, दुसऱ्या हातात लेखणी, आणि त्यातच डाव्या हाताच्या बोटाने बंदूक चालवावयाची, असा हा पवित्रा. अर्ध्या तासात मनगट भरून येई.

हे दुखणे पुढच्या पिढीतही गेले नाही. २०११ साली आलेल्या 'निन्टेन्डो थ्रीडीएस' या यंत्रासाठी मासाहिरो साकुराई यांनी २०१२ मध्ये 'किड इकारस : अपरायझिंग' हा खेळ केला. डाव्या अंगठ्याने धावावयाचे, उजव्या हातातील लेखणीने नेम धरावयाचा. यंत्र एकट्या डाव्या हाताने पेलणे इतके अवघड की खेळाच्या खोक्यातच यंत्र मेजावर उभे करण्यासाठी प्लॅस्टिकची बैठक घालून द्यावी लागली! हातात धरावयाच्या यंत्राला बैठक लागावी, यातच सर्व आले. आणि जो मुलगा डावखुरा, त्याला तर एक निराळे जोडयंत्र विकत घेतल्याविना या खेळात नीट रीघच नव्हती. आमच्या वर्गांतून दरवर्षी दोन-चार डावखुरी मुले बसतात. कात्रीपासून कंपासपेटीपर्यंत साऱ्या जगाने त्यांना दुय्यम ठरवलेले आम्ही पाहतो. म्हणून खेळाच्या परीक्षणात ही बाब गौण मानावयास आमचे मन तयार नाही. 'द लेजंड ऑफ झेल्डा : फँटम आवरग्लास' सारख्या काही खेळांनी हात निवडण्याची मोकळीक दिली होती, हे त्यांना भूषणावह आहे.

मिरवणुकीतला स्पर्श

दुसरा एक प्रकार असा, की जेथे स्पर्शाची गरज नव्हती, दांडीची उणीवही नव्हती, पण यंत्रास स्पर्शाचा पडदा आहे म्हणून तो वापरून दाखवावयाचाच. घरात नवी बाजाची पेटी आली की येईल त्या पाहुण्यापुढे भाता ओढून दाखवतात, तसा हा थाट.

२००५ च्या 'कॅसलव्हेनिया : डॉन ऑफ सॉरो' या खेळाचा नायक वाड्यातून हिंडतो, उड्या मारतो, शस्त्र चालवतो; हे सारे बटनांनी, आणि फार सुरेख. पण मोठ्या राक्षसाला जेरीस आणले की ऐन वेळी पडद्यावर एक मंत्रमुद्रा रेखाटावी लागते. दोन्ही हात बटनांवर, लेखणी यंत्राच्या पोटात. ती काढणार कधी? म्हणून खेळणारे नखाने किंवा अंगठ्यानेच रेघा ओढीत. मुद्रा चुकली की राक्षस थोडी शक्ती परत मिळवून उठे. लढाईतले कसब एकीकडे आणि परीक्षा भलत्याच विद्येची! २००६ साली याच मालेतील पुढचा खेळ आला तेव्हा मुख्य खेळातून ही सक्ती गळाली. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये या मालेचे डीएसवरील खेळ नव्या यंत्रांसाठी एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा तीच मुद्रा बटनांनी पुरी करण्याची सोय झाली. काही बुडाले नाही. खेळ उलट सुधारला. जो स्पर्श काढून टाकल्याने खेळाचे काहीच बिघडत नाही, तो स्पर्श तेथे मुळात पाहुणाच होता, असे समजावे.

सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन व्हिटा' हे यंत्र जपानात २०११ च्या डिसेंबरात आले. त्याला पुढे काच आणि पाठीवरही स्पर्शाचा पट्टा. त्याबरोबरच निघालेल्या 'अनचार्टेड : गोल्डन अबिस' या खेळात जुन्या शिलाखंडावर कागद ठेवून कोळशाने ठसा घ्यावयाचा तर काच घासावयाची, आणि एका ठिकाणी तर जुन्या कागदावरची गुप्त अक्षरे दिसावीत म्हणून यंत्राचा कॅमेरा खोलीतील खऱ्या दिव्याकडे रोखावयाचा. पहिल्या दिवशी याची मोठी मौज वाटते. दुसऱ्या खेपेस ते केवळ काम होते. आणि पुढे २०१३ साली हेच खेळ दूरदर्शन संचावर दाखवणारी 'व्हिटा टीव्ही' नामक पेटी सोनीने काढली, तेव्हा हा इतका नावाजलेला खेळ त्या पेटीवर चालेना. कारण पेटीला ना स्पर्शाची काच, ना कॅमेरा. मिरवण्यासाठी घातलेला दागिना असा पायातील बेडी होऊन बसला.

यात रचनाकारांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नवे यंत्र विकावयाचे तर त्याचे नावीन्य दुकानातल्या पाच मिनिटांत दिसले पाहिजे, ही त्यांची निकड होती. परंतु पाच मिनिटांसाठी केलेली गोष्ट वीस वर्षे टिकावी, अशी अपेक्षा धरता येत नाही. कौतुक सरते, आणि कौतुकासाठी घेतलेले कष्ट तेवढे मागे उरतात.

लेखणीचे माहेर

मग टिकले काय? आम्ही यासाठी एक साधी कसोटी मनाशी ठरवली आहे. जे काम आपण कागदावर पेन्सिलीने आपणहून करतो, ते काम ज्या खेळाने लेखणीस दिले तो खेळ म्हातारा झाला नाही. चालणे, उडी मारणे, बुक्की मारणे ही पेन्सिलीची कामे नव्हेत. रेघ ओढणे, आकडा लिहिणे, खूण करणे, नकाशा काढणे, टाके घालणे ही खरी तिची कामे.

२००५ चा 'कर्बी : कॅनव्हस कर्स' पाहा. कर्बी येथे केवळ एक चेंडू. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. आपण लेखणीने इंद्रधनुष्यी रेघ ओढावयाची आणि तो तीवरून घरंगळत जावयाचा. शाई मोजकी, म्हणून रेघ विचार करूनच ओढावी लागते. येथे रेघ हाच रस्ता आणि रेघ हीच बुद्धी. बटनांनी हा खेळ खेळताच येणार नाही, आणि येऊही नये.

त्याच वर्षीच्या 'ट्रॉमा सेंटर : अंडर द नाइफ' मध्ये लेखणी शस्त्रवैद्याच्या हातातील हत्यार होते. छेद घ्यावयाचा, चिमट्याने काच काढावयाची, नागमोडी रेघेने टाके घालावयाचे, मलम लावावयाचे. वर घड्याळ चाललेले. हात थरथरला तर रुग्णाचे हाल. येथे दाबाचा पडदा अधिकच शोभतो, कारण कातडीवर सुरी टेकवल्याचा तो किंचित प्रतिकार हाताला जाणवतो. गुळगुळीत काचेवर तो मिळत नाही.

२००७ चा 'एट्रियन ओडिसी' हा तर आम्हांस विशेष आवडता. वरच्या पडद्यावर भुयारी चक्रव्यूह, खालच्यावर चौकटी आखलेला कोरा कागद. नकाशा यंत्र देत नाही. आपणच भिंती ओढावयाच्या, दारे दाखवावयाची, धोक्याच्या खुणा करावयाच्या. चक्रव्यूहातून बाहेर पडल्यावर शत्रूची नावे विसरली तरी आपण काढलेला नकाशा विसरत नाही. स्वतः काढलेली आकृती मुलाच्या ध्यानी का राहते आणि छापील का राहत नाही, हे जाणणाऱ्या कोणाही शिक्षकाला या खेळाचे मर्म चटकन उमगेल.

'फँटम आवरग्लास' मध्ये दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. नायकाला लेखणीने चालवावे लागते, आणि त्यात आपला हातच पडद्याचा बराच भाग झाकतो. हे अंग आज जुने वाटते. पण त्याच खेळात समुद्राच्या आणि देवळांच्या नकाशांवर आपल्याला हव्या त्या ठिकाणी टिपणे लिहिता येतात. आमच्या चिरंजीवांचे जपून ठेवलेले यंत्र गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही हाती घेतले, आणि एका देवळाच्या नकाशावर 'येथे खड्डा' व 'परत येणे' अशा देवनागरी खुणा लिहिल्या. मराठीचे एक अक्षरही न जाणणाऱ्या त्या यंत्राने त्या जशाच्या तशा, आमच्या वळणासकट, सांभाळून ठेवल्या. कळफलकाला भाषा शिकवावी लागते. पाटीला लागत नाही. जगातील कोणत्याही लिपीच्या मुलाला ती आपली वाटावी, असा हा गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आणि शेवटी तोहोकु विद्यापीठातील प्राध्यापक र्‍युता कावाशिमा यांच्या नावाने २००५ साली जपानात निघालेला मेंदूच्या व्यायामाचा खेळ. यंत्र पुस्तकासारखे उभे धरावयाचे आणि बेरीज-वजाबाकीची उत्तरे लेखणीने लिहावयाची. ज्या वयस्क मंडळींनी आयुष्यात व्हिडिओ गेम हाती धरला नव्हता त्यांनी तो घेतला, याचे कारण उघड आहे : बटने शिकावी लागतात, आकडा लिहावयास त्या आधीच शिकलेल्या होत्या. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये हाच व्यायाम 'निन्टेन्डो स्विच' या नव्या यंत्रासाठी जपानात निघाला. स्विचला फोनसारखी काच. लेखणीची जागाच नाही. तेव्हा खेळाच्या खोक्यातून त्या काचेला चालेल अशी एक निराळी लेखणी देण्याची पाळी आली. लेखणीवाचून हा खेळ अपुरा, याची याहून स्पष्ट कबुली ती कोणती?

भाषांतराची अडचण

खेळ चांगला असला, त्यातील स्पर्श सार्थ असला, तरी तो वाचेलच असे मात्र नाही. आणि येथेच आमच्या मनास खरी हुरहूर लागते. पुस्तकाची जुनी प्रत फाटली तर नवी छापता येते, कारण अक्षर कागदाहून वेगळे आहे. या खेळांचे तसे नाही. त्यांतील कित्येक त्या विशिष्ट यंत्राच्या अंगाशी शिवलेले आहेत. सार्थ स्पर्शाचे खेळच याबाबतीत सर्वांत दुर्दैवी. राक्षसाची मुद्रा काढून टाकता आली. कर्बीची रेघ कशी काढून टाकणार?

२००७ चा 'द वर्ल्ड एंड्स विथ यू' हा खेळ दोन पडद्यांवर एकाच वेळी चाले. खाली नायकाला लेखणीने लढवावयाचे आणि त्याच क्षणी वरच्या पडद्यावरील सोबत्याला बटनांनी. डोळ्यांची आणि हातांची अशी ओढाताण होई की पहिल्या दिवशी खेळणारा रडकुंडीस येई. पण कथेतच दोन माणसांनी एकमेकांशी सूर जुळवण्याचा विषय असल्यामुळे ती ओढाताण अर्थपूर्ण होती. पुढे २०१२ मध्ये तो आयफोन-आयपॅडवर आणि २०१८ मध्ये स्विचवर एका पडद्याचा होऊन आला. सुटसुटीत झाला, देखणाही झाला. पण वृत्तबद्ध कवितेचा गद्यात अर्थ सांगावा तसे काहीसे झाले. अर्थ पोचला, छंद मागे राहिला.

२००५ सालच्या 'अनदर कोड' या रहस्यकथेत तर यंत्राचे मिटणे हेच एका कोड्याचे उत्तर होते. दोन पडदे अर्धवट मिटून एकाचे प्रतिबिंब दुसऱ्यात पाहिले की तुटलेले चित्र जुळे. 'फँटम आवरग्लास' मध्येही एका नकाशावरची खूण दुसऱ्यावर उमटवण्यासाठी यंत्र वहीसारखे मिटावे लागे. जे यंत्र मिटतच नाही त्यावर हे कोडे सांगावयाचे कसे? २०२४ साली 'अनदर कोड' नव्याने करण्यात आला तेव्हा कोडी बदलावी लागली. मूळ रचना करणारी सिंग ही जपानी कंपनी तर २०१० सालीच दिवाळखोरीत निघाली होती.

दाबाच्या पडद्याची परंपरा २०१२ सालच्या 'वी यू' यंत्राच्या हातातल्या पाटीपर्यंत चालली. डीएसचे काही खेळ त्यावर विकतही मिळत. २०१७ चे स्विच आले आणि ती परंपरा खुंटली. थ्रीडीएसचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. वी यू आणि थ्रीडीएस या दोन्ही यंत्रांची खेळ विकणारी दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली. आता जी पाटी ज्याच्या घरी आहे तीच खरी. आणि तिचा वरचा पापुद्रा मऊ प्लॅस्टिकचा. ज्या खेळांत लेखणी गरागरा फिरवावी लागते किंवा जोरजोराने घासावी लागते, त्यांनी त्यावर चरे पडतात. खेळ जितका आवडता तितका पडदा लवकर झिजतो, असा हा विपरीत न्याय आहे.

म्हणून ज्यांच्या घरी अशी यंत्रे असतील त्यांस चार शब्द. ती भंगारात घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत. पडद्यावर पातळ संरक्षक पापुद्रा चिकटवावा. त्याच्याच लेखणीने खेळावे. बॉलपेनच्या टोकाने मुळीच नव्हे. टेकवले एकीकडे आणि उमटले दुसरीकडे असे होऊ लागल्यास यंत्राच्या मांडणीत पडदा पुन्हा जुळवण्याची सोय असते. सांगितलेल्या खुणांवर लेखणीने टोचले की बहुधा काम भागते. बॅटरी फुगलेली दिसली तर यंत्र चालू करू नये, ती बदलून घ्यावी. आणि मुलाच्या हाती देताना यंत्राबरोबर रीतही द्यावी. लेखणी कशी धरावयाची, किती दाबावयाचे, हे शेजारी बसून दाखवावे. जन्मापासून काचेवर बोट सरकवीत आलेल्या मुलास दाबावयाचे असते हेच ठाऊक नसते. दोन वेळा सरकवून काही झाले नाही की ते 'बिघडलंय' म्हणून बाजूस ठेवते. आणि यंत्र न बिघडताही त्या दिवशी त्याचा अंत होतो.

आम्हांस वाटते, स्पर्शाच्या खेळांचा हा लहानसा इतिहास खेळापुरता नाही. आज स्वयंपाकाच्या शेगडीपासून मोटारीच्या पंख्यापर्यंत सर्वत्र बटने काढून काच बसवण्याची हौस चालू आहे. ज्या कामाला बोटाने चाचपडून सापडणारे बटन हवे तेथे सपाट काच बसवली की पुढची पिढी तिला तसेच नावे ठेवील, जशी आज 'मारिओ'च्या त्या अंगठ्यातल्या बोंडाला ठेवते. आणि ज्या कामाला खरोखर लेखणी हवी तेथे ती दिली, तर वीस वर्षांनीही एखादे मूल तीन इंचांच्या धूसर पडद्यावर रेघ ओढील, तीवरून एक गोल चेंडू घरंगळत जाईल, आणि ते मूल हसेल.